पहिली मोटारसायकल : वाहनावरची ईर्यासमिती

व्यापारी कुटुंबात मुलाला अठरावे वर्ष लागले की मोटारसायकलीचा विषय निघतोच. महाविद्यालय गावाच्या एका टोकाला, दुकान दुसऱ्या टोकाला आणि गोदाम मार्केट यार्डात. वसुली, बँक, मंदिर, पाठशाळा यांसाठी दिवसातून चार फेऱ्या ठरलेल्या. त्यामुळे वाहन घ्यावे की नाही, यावर फारशी चर्चा होत नाही. चर्चा होते ती कंपनी, रंग, सीसी आणि मासिक हप्ता यांची. हे वाहन चालविणारा नवखा आहे, ही सर्वांत महत्त्वाची बाब मात्र यादीत शेवटी येते, किंवा येतच नाही.

जोखीम म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. गोदामाचा आगीचा विमा, तिजोरीचे दुहेरी कुलूप, पावसाळ्यापूर्वी गोण्यांवर ताडपत्री, यांत तो कसूर करीत नाही. तोच गृहस्थ मुलासाठी लाखाची गाडी घेतो आणि हेल्मेट मात्र रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्यांपैकी, पोलिसांपुरते, घासाघीस करून घेतो. मालाच्या बाबतीत जागा असलेला हिशेब माणसाच्या बाबतीत निजतो. पहिल्या मोटारसायकलीचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

पाहून चालण्याचा नियम

साधू-साध्वींच्या आचारातील पाच समितींमध्ये ईर्यासमिती पहिली. चालताना पुढची चार हात भूमी नीट पाहावी आणि कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, असा तिचा आशय. गृहस्थ महाव्रती नसतो. त्याला वाहन वर्ज्य नाही. परंतु या नियमामागचे तत्त्व त्यालाही लागू आहे. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला मुख्य स्थान दिले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. रस्त्यावर हा शब्द फार नेमका ठरतो.

पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात, कारण तो एका पावलात थांबू शकतो. वाहनावर हे अंतर गतीनुसार वाढत जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. ताशी ६० ला हेच अंतर जवळजवळ १७ मीटर होते. समोर काही आडवे आले हे डोळ्यांनी टिपून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एवढा वेळ निघून जातो. त्यानंतर प्रत्यक्ष ब्रेक लागण्याचे अंतर वेगळे, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक गृहीत धरले, तर ताशी ४० ला गाडी पूर्ण थांबेपर्यंत सुमारे २० मीटर आणि ताशी ६० ला सुमारे ४० मीटर लागतात. वेग दीडपट झाला, अंतर दुप्पट झाले. ज्याला पुढचे २० मीटरच दिसत आहेत, त्याने ताशी ६० च्या वेगाने जाणे म्हणजे न पाहता पाऊल टाकणे होय. गाडी कोणती, दिवे कसे, ब्रेक कोणते, शिकावे किती, हे सर्व प्रश्न या एका कसोटीवर सोडविता येतात: जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल काय?

आकडे काय सांगतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या पन्नास हजारांवर होती आणि त्यांतील चौदा हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते. हेल्मेटविषयी जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

या ज्ञानाची सुरुवात एका मृत्यूतून झाली. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील एका ग्रामीण रस्त्यावर मोटारसायकलीवरून जात होते. सायकलवरील दोन मुलांना वाचविण्यासाठी त्यांनी गाडी वळविली आणि ते फेकले गेले. डोक्याला मार लागला. सहा दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. लॉरेन्स अनुभवी चालक होते. नवख्याच्या बाबतीत तर हा धडा अधिकच लागू होतो.

परवान्याआधी चावी नको

कायदा स्पष्ट आहे. गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी मिळणारी परवानगी ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या वाहनापुरती आहे. घरोघरी दिसणाऱ्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटर तीत बसत नाहीत. तरीही दुकानातून घरी डबा आणण्यास किंवा गिऱ्हाइकाला पुडके पोहोचविण्यास दहावीतल्या मुलाच्या हाती स्कूटरची चावी सर्रास दिली जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दंडाची रक्कम व्यापारी भरून टाकील. परंतु रस्त्यावरच्या एखाद्या वृद्धाला धक्का बसून जे घडेल, त्याची भरपाई कोणत्याही खात्यावर टाकता येत नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना, त्यानंतर किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी चाचणी, हा क्रम आहे. हे तीस दिवस खरोखर शिकण्यासाठी वापरावेत. मोटारसायकल अपघातांचा प्रा. हॅरी हर्ट यांनी अमेरिकेत केलेला अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून अधिकांना त्या गाडीचा पाच महिन्यांचाही अनुभव नव्हता. प्रसंगी ते मागचे चाक घसरेपर्यंत मागचा ब्रेक दाबीत आणि पुढच्या ब्रेकचा पुरेसा वापर करीत नसत, असेही त्यात आढळले. आपल्याकडे 'पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील' हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वस्तुतः ब्रेक लागताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबविण्याची मोठी शक्ती तेथेच असते. तो ब्रेक एकदम न दाबता, दोन बोटांनी हळूहळू वाढवीत, मागच्या ब्रेकसह वापरण्याचा सराव करावा लागतो. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर, जाणत्या प्रशिक्षकासमोर, ताशी २० आणि मग ३० वेगाने असे पन्नास वेळा थांबून पाहणे, ही नवख्यासाठी कोणत्याही भेटवस्तूपेक्षा मोलाची गोष्ट आहे.

गाडीची निवड

पहिली गाडी चालकाच्या अंगाला बसणारी असावी. आसनावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात काय, हे प्रथम पाहावे. मग स्टँडवरून काढून ती बंद अवस्थेतच दहा पावले पुढे आणि दहा पावले मागे ढकलून पाहावी, अरुंद जागेत वळवून पाहावी. जी गाडी उभी असताना सावरत नाही, ती गर्दीत, उतारावर किंवा चिखलात सावरणार नाही. हिरो स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो आहे. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे १९५ किलो. दोन्ही गाड्या आपापल्या जागी उत्तम आहेत. परंतु साठ किलो वजनाच्या, कालच क्लच शिकलेल्या मुलाला या ८३ किलोंचा फरक पहिल्याच तिरक्या वळणावर कळतो.

शक्तीचेही तसेच. १०० सीसीच्या साध्या गाडीची ताकद सुमारे ८ अश्वशक्ती, तर काही २०० सीसीच्या खेळगाड्यांची २५ च्या घरात असते. शक्तिमान गाडीत मूठ थोडी जास्त पिळली गेली तरी गाडी उसळते; नवख्याच्या हाताला ही मोजदाद अजून आलेली नसते. गावातल्या गावात फिरण्यास १०० ते १२५ सीसी पुरते. रोज महामार्गाने तालुक्याला जावे लागत असेल, तर १५० ते १६० सीसीच्या गाडीचा विचार करावा. ज्यांना गिअरची आवश्यकता नाही, त्यांनी चांगल्या स्कूटरला कमी लेखू नये.

ब्रेकच्या बाबतीत एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले. त्या नियमानुसार १२५ सीसीपर्यंत एकत्रित ब्रेकप्रणाली म्हणजे सीबीएस असली तरी चालत असे. ब्रेक करकचून लागला तरी एबीएसमुळे चाक जाम होत नाही आणि गाडी ताब्यात राहते. काही गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते, काहींत दोन्ही चाकांना. दोन प्रकारांतील किमतीचा फरक परवडत असेल, तर रंगीत पट्टे आणि मिश्रधातूची चाके यांऐवजी तो पैसा एबीएसवर आणि प्रखर दिव्यावर खर्च करावा.

चांगल्या स्थितीतील जुनी गाडी घेऊन वर्षभर शिकणे आणि मग नवी घेणे, हाही व्यवहार्य मार्ग आहे. शिकताना गाडी एकदोनदा आडवी होणारच. तेव्हा जुन्या गाडीचे दुःख कमी होते. मात्र नोंदणीपत्र, विमा, टायरची झीज, पुढच्या फोर्कचा सरळपणा हे जाणकार मेस्त्रीकडून तपासून घ्यावे. गाडी जुनी चालेल; हेल्मेट मात्र जुने कधीही घेऊ नये.

डोके आधी, बाकी मागून

हेल्मेटच्या आत कठीण कवचाखाली थर्माकोलसारख्या फेसाचा जाड थर असतो. आघात होताच तो थर चेपतो आणि धक्क्याचा जोर स्वतःत जिरवितो. एकदा चेपलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून अपघातातून गेलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी निकामी समजावे. त्याचा पूर्वेतिहास माहीत नसेल, तर ते वापरू नये, याचे कारण हेच.

१ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय चिन्ह असलेलीच हेल्मेट विकता येतात. चिन्हाजवळ आयएस ४१५१ हा मानक क्रमांक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल अ‍ॅपवर तो क्रमांक पडताळता येतो. कानापर्यंतच्या टोपीवजा हेल्मेटपेक्षा हनुवटीही झाकणारे पूर्ण हेल्मेट घ्यावे, कारण पडताना चेहरा सुटा राहत नाही. भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर फितीने मोजावा. घातल्यावर गालांना घट्ट लागले पाहिजे. डोके हलविले तर हेल्मेटही सोबत हलले पाहिजे. हनुवटीचा पट्टा लावून मागून वर उचलू पाहावे. ते निघाले तर माप चुकले. पट्टा न लावता घातलेले हेल्मेट पहिल्याच आघाताला उडून जाते. रात्री काळी काच वापरू नये.

चामड्याविना संरक्षण

मोटारसायकलस्वाराचा पोशाख म्हटले की चामड्याचे जाकीट डोळ्यांपुढे येते, आणि जैन कुटुंबात विषय तेथेच संपतो. मुलगा मग साध्या सदऱ्यात फिरतो. घासण्याला चामडे चांगला प्रतिकार करते, हे खरे. परंतु आज त्याला निर्दोष पर्याय उपलब्ध आहेत. जाड विणीच्या पॉलिएस्टर किंवा नायलॉनची जाकिटे, आतून अ‍ॅरामिड धाग्याचे अस्तर असलेल्या पँट, आणि महाराष्ट्रातील उन्हाळ्यात वारा खेळता राहावा म्हणून जाळीदार जाकिटे बाजारात मिळतात. खांदे, कोपर, पाठ, गुडघे येथे आघात शोषणाऱ्या पट्ट्या असाव्यात. हातपायांच्या पट्ट्यांवर 'ईएन १६२१-१' आणि पाठीच्या पट्टीवर 'ईएन १६२१-२' हे युरोपीय मानक छापलेले असते. दुसऱ्या स्तराची पट्टी पहिल्यापेक्षा अधिक संरक्षण देते. केवळ दिसायला चामड्यासारखे असलेले रेक्झिनचे फॅशनचे जाकीट मात्र रस्त्यावर क्षणात फाटते. त्यावर विसंबू नये.

खरी काळजी हातमोज्यांत आणि बुटांत घ्यावी लागते. बाहेरून कापडी दिसणाऱ्या हातमोज्यांच्या तळव्याला अनेकदा बकऱ्याचे चामडे असते. 'स्यूड', 'नुबक', 'नप्पा' ही सर्व चामड्याचीच नावे आहेत. मायक्रोफायबर किंवा कृत्रिम तळव्याचे मोजे मागून घ्यावेत. परदेशी पद्धतीच्या बुटांवर साहित्य सांगणारी चिन्हे असतात: कातड्याच्या आकाराचे चिन्ह म्हणजे चामडे, जाळीचे म्हणजे कापड, साधा चौकट-चौकोन म्हणजे इतर साहित्य. घोटा झाकणारा, घट्ट तळाचा कृत्रिम बूट असावा. चपलेने गिअर बदलणे नवख्याने तरी टाळावेच. अहिंसेचे पालन आणि देहाचे रक्षण यांत येथे काहीही विरोध नाही. लेबल वाचण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

गाडीच्या किमतीचा दहावा भाग संरक्षक साधनांसाठी बाजूला काढावा, आणि तो अंदाजपत्रकात शेवटी न लिहिता पहिल्या ओळीत लिहावा. एवढ्याने गाडी एका श्रेणीने खाली घ्यावी लागली, तर ती खुशाल घ्यावी.

रात्र, पाऊस आणि उसाच्या ट्रॉल्या

सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत गळीत हंगामात संध्याकाळनंतर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. कित्येकींना मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी नसते. कधी पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात रस्त्यावरच उभी असते. समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोताने डोळे दिपले, की अशी ट्रॉली दहा-पंधरा मीटरवर आल्याखेरीज दिसत नाही. वर दिलेले थांबण्याचे अंतर येथे आठवावे. पहिल्या वर्षी तरी नवख्याने सूर्यास्तानंतर गावाबाहेर गाडी नेऊ नये. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची शिस्त आहे, त्यांना प्रवासही त्याच शिस्तीत बसविणे अवघड नाही. रात्री दिव्याकडे झेपावणारे असंख्य कीटकही त्यामुळे वाचतात.

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून निसरडा थर तयार होतो. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे तर काचेसारखी होतात. तेव्हा वेग निम्म्यावर आणावा, वळणात ब्रेक लावू नये.

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे; निष्प्रयोजन हिंसेपासून दूर राहण्याचे हे व्रत. त्याच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या येते आणि तीत विनाकारण भटकणेही मोजले जाते. कामाशिवाय गाडी दामटणे, मित्रांशी शर्यत लावणे, एका चाकावर कसरती करणे हे सरळ या सदरात पडते. हे मुलाला रागावून सांगण्यापेक्षा, वडिलांनी स्वतः मोबाईल कानाला लावून स्कूटर चालविणे सोडले, तर अधिक लवकर पटते.

मागे बसणारे आणि नोकरमाणसे

चार वर्षांवरील प्रत्येकाला, पुढे असो वा मागे, हेल्मेट बंधनकारक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकासाठी सुरक्षापट्टा आणि हेल्मेट असावे व वेग ताशी ४० च्या पुढे नसावा, असा नियम आहे. मंदिरात आजीला नेताना ती एका बाजूला पाय सोडून बसते. तिच्या पदरासाठी साडीगार्ड आणि डोक्यासाठी हलके हेल्मेट हवेच. मुलीच्या ओढणीची गाठ गाडी सुरू करण्यापूर्वी आवळली पाहिजे. दुकानाचा माल पोहोचविणाऱ्या नोकरालाही मालकाने आपल्या मुलासारखेच हेल्मेट द्यावे. त्याच्या घरीही कोणी वाट पाहत असते.

विम्याचेही दोन मुद्दे आहेत. नव्या दुचाकीबरोबर तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा मिळतो; परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा वर्षाचा असतो आणि तो दुसऱ्या वर्षी विसरला जातो. मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला आहे काय, हेही पाहावे. वैध परवाना नसेल, तर दावा नाकारला जाण्याची पाळी येते.

म्हणजे क्रम असा राहतो: आधी शिकाऊ परवाना, मग हेल्मेट, मग प्रशिक्षण, मग जाकीट, मोजे आणि बूट, आणि सर्वांत शेवटी गाडी. गाडी घरी आली की तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, श्रीफळ वाढविले जाते. त्यानंतर रोज निघताना णमोकार मंत्र म्हणण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तो म्हणता म्हणता टायरची हवा, दोन्ही ब्रेक, मागचा दिवा आणि हनुवटीचा पट्टा एवढे पाहून होते. नवख्याने पहिल्या दिवसापासून ही सवय लावून घ्यावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तो मंत्र संपेपर्यंत त्याला किल्ली फिरवू देऊ नये.